जुनी सहा सिलिंडरची डिझेल एसयूव्ही ठेवावी की नवी चार सिलिंडरची घ्यावी?

वाचकाचे पत्र

माझा पीथमपूरला यंत्रांचे सुटे भाग तयार करण्याचा छोटा कारखाना आहे आणि राहणे इंदूरला, मनोरमागंजमध्ये. २०१६ साली घेतलेली मर्सिडीज-बेंझ जीएलई ३५० डी आजवर एक लाख वीस हजार किलोमीटर चालली आहे. अलीकडे सकाळी ती मागच्या डाव्या बाजूने बसलेली दिसते. वर्कशॉपने एअर सस्पेन्शन आणि इतर कामे मिळून साडेतीन लाखांचे एस्टिमेट दिले, तेव्हा एवढा खर्च करण्यापेक्षा नवी गाडी पाहावी असे ठरवून आम्ही नव्या जीएलई ३०० डीची टेस्ट ड्राइव्ह घेतली. सुपर कॉरिडॉरवर पंधरा-वीस मिनिटे चालवली. गाडी फार शांत वाटली, खड्डे जाणवले नाहीत, आतले पडदेही सुंदर आहेत. मात्र अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनाचा आवाज जुन्या गाडीसारखा भारदस्त वाटला नाही आणि चार सिलिंडरसाठी एवढे पैसे का मोजावेत, असा प्रश्न पडला. मुलगा नवी घ्या म्हणतो, पत्नीला जुनीही चालेल. आता कारखाना मुलगा पाहतो आणि मी आठवड्यातून दोनदा जातो. पण महिन्या-दीड महिन्याने मुलीकडे पुण्याला जाणे होते आणि बरोबर ८१ वर्षांची आई असते. नव्या डिझेल गाडीत अ‍ॅडब्लू भरावे लागते म्हणतात, ते काय प्रकरण आहे? दहा वर्षांच्या डिझेल गाड्या बंद होणार, हे खरे आहे का? योग्य सल्ला द्यावा.

उत्तर

स. न. वि. वि.

तुमचे निरीक्षण चांगले आहे, म्हणूनच त्यावर निर्णय घेण्याआधी एक गोष्ट लक्षात घ्यावी अशी विनंती करतो. सुपर कॉरिडॉरवर तुम्ही जी तुलना केलीत ती जुन्या आणि नव्या मॉडेलची फारशी झालीच नाही. एका बाजूला मीटर जेमतेम हललेली शोरूमची गाडी होती आणि दुसऱ्या बाजूला सव्वा लाख किलोमीटरच्या जवळ आलेली, एका कोपऱ्यातून हवा सोडणारी गाडी होती. दहा वर्षांत सस्पेन्शनच्या सांध्यांतल्या रबरी पुंगळ्या, म्हणजे बुश, कडक होतात, त्यांना तडे जातात, इंजिन आणि गिअरबॉक्सची माउंटिंग बसतात, टायरचे रबर टणक होते आणि सीटचा फोमही दबतो. हे सगळे इतके हळूहळू घडते की रोज चालवणाऱ्याला त्याचा पत्ता लागत नाही, आणि मग एके दिवशी नव्या गाडीत बसल्यावर दहा वर्षांची झीज एकदम जाणवते. खड्डे जाणवले नाहीत, गाडी शांत वाटली, या दोन्ही गोष्टींचे बरेचसे श्रेय त्या झिजेच्या अभावाला आहे. तुमची गाडी २०१६ साली शोरूममधून निघाली तेव्हा तीही अशीच शांत होती.

म्हणून पहिले काम त्या साडेतीन लाखांच्या एस्टिमेटचे. 'सस्पेन्शन व इतर कामे' अशी एकत्र रक्कम स्वीकारू नका; प्रत्येक भागाची किंमत आणि मजुरी वेगळी लिहून मागा. एअरमॅटिक सस्पेन्शनमध्ये पोलादी स्प्रिंगच्या जागी हवेने भरलेल्या रबरी पिशव्या असतात आणि वय झाले की त्या रबराला घडीच्या जागी बारीक भेगा पडतात. गळती खरोखर किती आहे हे तुम्हाला घरीच पाहता येईल. सपाट फरशीवर गाडी लावून, चाकाच्या मध्यबिंदूपासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर रात्री चारही बाजूंना मोजून ठेवा आणि सकाळी गाडी सुरू करण्याआधी पुन्हा मोजा. फक्त मागची डावी बाजू खाली आली असेल, तर दोष बहुधा त्याच कोपऱ्यात आहे. चारही बाजू सारख्या बसत असतील, तर हवेच्या नळ्या आणि प्रत्येक पिशवीत हवा सोडणारा व्हॉल्व्ह ब्लॉक तपासायला हवेत. वर्कशॉपमध्ये पिशवीवर आणि नळीच्या जोडावर साबणाचे पाणी मारायला सांगा. जिथे बुडबुडे येतील तिथे गळती. हे तुमच्या डोळ्यांसमोर झाले पाहिजे, कारण एका पिशवीचे काम आणि चार पिशव्या अधिक हवा भरणारा कॉम्प्रेसर यांच्या खर्चात फार अंतर आहे. तोपर्यंत गाडी तशीच दामटत राहू नका. गळती भरून काढण्यासाठी कॉम्प्रेसर सतत चालत राहतो आणि तो जळाला की आज टाळता येणारा खर्च उद्या करावाच लागतो.

आता इंजिनाकडे येतो. तुमच्या मनातला खरा सल तिथे आहे आणि तो रास्तही आहे. तुमच्या ३५० डीमध्ये २,९८७ सीसीचे व्ही-सिक्स, म्हणजे दोन तिरक्या रांगांत सहा सिलिंडरचे, डिझेल इंजिन आहे: २५८ अश्वशक्ती आणि ६२० न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे ओढण्याचा जोर. भारतात नोव्हेंबर २०२३ मध्ये आलेल्या सुधारित ३०० डीमध्ये १,९९३ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन आहे: २६९ अश्वशक्ती आणि ५५० न्यूटन-मीटर. म्हणजे एक तृतीयांश आकार कमी करूनही ताकद थोडी जास्तच आहे आणि टॉर्क मात्र ७० न्यूटन-मीटरने कमी आहे. ही ताकद इंजिनात जास्त हवा ढकलणारे दोन टर्बो आणि २,७०० बारपर्यंत पोचणारा इंधनाचा दाब यांच्या जोरावर काढलेली आहे. शिवाय ४८ व्होल्टची एक विजेची मोटर इंजिनाला जोडलेली आहे. ती काही क्षणांपुरती २० अश्वशक्ती आणि २०० न्यूटन-मीटरची मदत करते, त्यामुळे सिग्नलवरून निघताना टर्बो जागे होईपर्यंतचा जो आळस जुन्या डिझेल गाड्यांत जाणवतो तो इथे जवळजवळ जाणवत नाही. शून्यापासून शंभरपर्यंतचा कंपनीने दिलेला वेळ दोन्ही गाड्यांचा सात सेकंदांच्या आसपासच आहे.

असे असूनही कान फसत नाही. सहा सिलिंडरच्या इंजिनात ज्वलनाचे ठोके एकमेकांच्या जवळ पडतात, त्यामुळे आवाज सलग आणि जड लागतो; चार सिलिंडरमध्ये तेच ठोके विरळ होतात आणि जोर लावला की आवाजात खरखर उतरते. नव्या गाडीत काचा आणि आवाजरोधक थर चांगले असल्याने ही खरखर बरीचशी बाहेरच राहते, पण पाय पूर्ण दाबला, गिअरबॉक्सने दोन-तीन गिअर खाली टाकले आणि इंजिन वर चढले की ती आत येतेच. तुम्हाला जे खटकले ते हेच. मोकळ्या रस्त्यावर नवव्या गिअरमध्ये शंभरच्या वेगाने जाताना मात्र दोन्ही इंजिने इतक्या कमी फेऱ्यांवर असतात की आवाजाचा प्रश्नच उरत नाही.

तेव्हा तुमच्यासाठी प्रश्न असा की पूर्ण दाब देण्याची वेळ तुमच्यावर कुठे येते. सपाट आणि रुंद सुपर कॉरिडॉरवर ती येत नाही. पुण्याच्या वाटेवर येते. माळव्याच्या पठारावरून मानपूरच्या पुढे निमाडात उतरायचे, खलघाटला नर्मदा ओलांडायची, सेंधव्याच्या पुढे बिजासन घाट आणि मग धुळ्याच्या दिशेने. आणि परतताना हाच चढ, तोही गाडीत चार-पाच माणसे, डिकी भरलेली आणि पुढे ट्रकची रांग असताना. सव्वादोन टनांच्या आसपासची गाडी घाटात ट्रकला ओलांडताना जुन्या इंजिनाचा तो जादा टॉर्क उपयोगी पडतो: इंजिन न ओरडता ओढते. नवे इंजिनही ओलांडून जाईल, कदाचित तेवढ्याच वेळात, पण त्यासाठी त्याला जास्त फिरावे लागेल आणि ते तुम्हाला ऐकू येईल. उतारावर मोठे इंजिन गाडीला जास्त रोखून धरते. गणपती घाटाच्या उताराने किती ट्रकांचे ब्रेक निकामी केले हे आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे; कोणत्याही घाटात, कोणतीही गाडी असो, स्टिअरिंगमागच्या पॅडलने गिअर खाली घेऊनच उतरावे. शोरूमला स्पष्ट सांगा की टेस्ट ड्राइव्ह मानपूरच्या घाटापर्यंत हवी आणि घरची माणसे बरोबर असतील. एवढ्या किमतीची गाडी घेणाऱ्याला ही मागणी नाकारली जात असेल, तर दुसऱ्या शोरूममध्ये जावे.

चार सिलिंडर म्हणजे कमअस्सल, हा समज मात्र सोडून द्या. या इंजिनाचा ब्लॉक अ‍ॅल्युमिनियमचा आहे, पिस्टन पोलादी आहेत आणि आकार लहान ठेवण्यामागे वजन, अ‍ॅव्हरेज आणि धूर कमी करणे ही कारणे आहेत. सहा सिलिंडरच हवे असतील तर त्याच गाडीची ४५० डी आहे: तीन लिटर, एका रांगेत सहा सिलिंडर, ३६७ अश्वशक्ती आणि ७५० न्यूटन-मीटर. ती तुमच्या जुन्या इंजिनाची खरी वारसदार. पण २०२३ साली बाजारात आल्या तेव्हा ३०० डीची एक्स-शोरूम किंमत ९६ लाख ४० हजार होती आणि ४५० डीची १ कोटी १५ लाख. महिन्या-दीड महिन्यातून एकदा येणाऱ्या घाटासाठी तेवढा फरक मोजावा असे मी तुम्हाला सुचवणार नाही.

अ‍ॅडब्लूबद्दल. १ एप्रिल २०२० पासून देशात वाहनांच्या प्रदूषणाचे बीएस-सहा नियम लागू झाले, तेव्हापासून अशा मोठ्या डिझेल गाड्यांच्या धुरातील नायट्रोजन ऑक्साइड कमी करण्यासाठी युरियाचे द्रावण वापरले जाते. तेच अ‍ॅडब्लू. त्याची टाकी वेगळी असते, पातळी कमी झाली की डॅशबोर्डवर सूचना येते आणि ती दुर्लक्षून टाकी रिकामी होऊ दिली तर इंजिन बंद केल्यावर पुन्हा सुरू होत नाही. खर्च फारसा नाही. पुण्याला निघण्याआधी पातळी पाहून घेण्याची सवय लावावी, एवढेच. त्याहून महत्त्वाचा आहे काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर. साठलेली काजळी जाळण्यासाठी धूर बराच तापावा लागतो आणि तो सलग वेगात चालल्यावरच तापतो. शहरातल्या शहरात, पलासियाहून राजवाड्यापर्यंत आणि परत, एवढेच ज्या गाडीचे चालणे, तिचा फिल्टर तुंबतो आणि मग वर्कशॉपच्या चकरा सुरू होतात. अशा माणसाला मी डिझेल घेऊच नका असे सांगतो. तुमचे तसे नाही. आठवड्यातून दोनदा राऊवरून पीथमपूरला जाणे-येणे फिल्टर साफ राहायला पुरेसे आहे, शिवाय पुण्याची फेरी आहेच. फक्त तुम्ही पुढे कारखान्यात जाणे पूर्ण बंद करणार असाल, तर ते आत्ताच हिशेबात धरा.

आईंचा विचार या सगळ्याच्या वर ठेवावा, असे मला मनापासून वाटते. जुन्या गाडीचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर, २,९१५ मिलिमीटर आहे आणि नव्या पिढीचा २,९९५; वाढलेले आठ सेंटिमीटर मुख्यतः मागच्या माणसाच्या पायांना मिळाले आहेत. नऊ-दहा तासांपेक्षा लांबणाऱ्या प्रवासात ८१ वर्षांच्या गुडघ्यांसाठी ही मोठी सोय आहे. पण सीटवर बसल्यानंतरच्या सुखाआधी चढणे-उतरणे येते. त्यांना शोरूममध्ये न्या, रोजच्या साडीत आणि रोजच्या चपलेत चढू द्या. पाय कुठे ठेवतात, हात कशाला धरतात, उंबरठ्याची रुंदी पायाला आड येते का, उतरताना कमरेला पीळ पडतो का, हे शेजारी उभे राहून पाहा. मग मागच्या सीटवर अर्धा तास बसू द्या. दाराच्या उंबरठ्याची रुंदी आणि सीटची उंची कोणत्याही माहितीपुस्तिकेतून कळत नाही. पायरी बसवून घेतल्याने सोय होते असा समज आहे, पण अरुंद पायरीवरून वृद्ध माणसाचा पाय घसरतो आणि ती ओलांडून उतरायला लांब पाऊल टाकावे लागते. तीही त्यांना वापरून पाहू द्या. या एका कसोटीवर नवी गाडी स्पष्टपणे पुढे निघाली, तर इंजिनाच्या आवाजाला मी फार महत्त्व देणार नाही.

पडद्यांविषयी थोडक्यात. १२.३ इंचांचे दोन पडदे पाहायला छान आहेत. एसीची बटणे अजून खरी, दाबायची आहेत ही समाधानाची बाब. सुधारित मॉडेलच्या स्टिअरिंगवर मात्र बोट सरकवण्याच्या पट्ट्या आहेत आणि बोटांना जुन्या बटणांची सवय असेल तर चालत्या गाडीत आवाज कमी-जास्त करतानाही काही दिवस नजर खाली जाते. डिकी उघडून स्टेपनी कुठे आणि कशी ठेवली आहे तेही पाहा, आणि ती जागेवर असतानाच तुमच्या पुण्याच्या बॅगा आत बसतात का ते प्रत्यक्ष ठेवून बघा.

दहा वर्षांच्या बंदीची भीती बाळगू नका. डिझेल गाडीला दहा वर्षांची मर्यादा ही दिल्ली आणि राष्ट्रीय राजधानी क्षेत्रापुरती आहे. राष्ट्रीय हरित लवादाच्या २०१५ च्या आदेशापासून तो वाद सुरू आहे. मध्य प्रदेशात तुमची नोंदणी पंधरा वर्षे वैध आहे आणि त्यानंतर फिटनेस तपासून ती वाढवता येते. दिल्लीच्या नियमाचा परिणाम तुमच्यावर होतो तो वेगळ्या मार्गाने: तिथे न चालणाऱ्या अशा गाड्या इतर राज्यांच्या जुन्या बाजारात येतात आणि भाव पाडतात. दुसरीकडे सप्टेंबर २०२५ मध्ये मोठ्या एसयूव्हींवरचा जीएसटी आणि उपकर मिळून ५० टक्क्यांचा भार ४० टक्क्यांवर आला, म्हणजे नव्या गाड्या स्वस्त झाल्या आणि जुन्यांची किंमत आणखी उतरली. एका बाजूला झुकलेली जीएलई घेऊन तुम्ही आज बाजारात गेलात, तर समोरचा माणूस दुरुस्तीच्या खर्चाच्या दुप्पट रक्कम भावातून कापेल. म्हणून गाडी ठेवायची असो वा विकायची, सस्पेन्शनचे काम करावेच लागणार आहे.

माझे मत असे आहे. आधी एखाद्या जाणत्या मेकॅनिककडून इंजिनाची सावकाश तपासणी करून घ्या. या व्ही-सिक्स इंजिनाचा ऑइल कूलर दोन्ही बाजूंच्या सिलिंडरांच्या मधल्या खाचेत, टर्बोच्या खाली बसवलेला असतो. त्याचे सील स्वस्त असतात पण तिथवर पोचायला अर्धे इंजिन उघडावे लागते. गळणारे तेल मागे वाहत जाऊन इंजिन आणि गिअरबॉक्स जुळतात तिथून ठिबकते, त्यामुळे पुष्कळदा मागचे क्रँक सील गेले असे चुकीचे निदान होते. तुमची गाडी सुधारित सील आल्यानंतरची आहे, तरी तेवढी जागा टॉर्च मारून पाहायला सांगा. गिअरबॉक्सचे तेल बदलल्याची नोंदही शोधा. हे सगळे ठीक निघाले तर सस्पेन्शन, झिजलेले बुश, माउंटिंग आणि गरज असल्यास टायर एवढे काम करून घ्या आणि मग पुन्हा एकदा दोन्ही गाड्या एकाच दिवशी, त्याच घाटात, त्याच माणसांसह चालवा. माझा अंदाज आहे की इंजिनाच्या बाबतीत तुम्ही जुन्या गाडीकडे झुकाल. तेव्हा आईंना जुनीत त्रास होत नसेल, तर ती आणखी दोन-तीन वर्षे निर्धास्त वापरावी. इंजिनातच मोठे काम निघाले किंवा आईंच्या सोयीचा फरक ठळक दिसला, तर ३०० डी घ्यावी आणि सहा सिलिंडरची खंत मागे ठेवावी.

नवी घेण्याचे ठरलेच, तर घाई करू नका. ग्वाल्हेरच्या व्यापार मेळ्यात आणि उज्जैनच्या विक्रम व्यापार मेळ्यात २०२४ आणि २०२५ मध्ये गाड्यांच्या आजीवन करावर ५० टक्के सूट दिली गेली. या किमतीच्या गाडीवर तो फरक कित्येक लाखांचा होतो. सूट दर वर्षी शासनाने जाहीर करावी लागते, आणि नोंदणी मेळ्याच्या शहरातील परिवहन कार्यालयात होत असल्याने नंबर एमपी ०९ ऐवजी उज्जैनचा एमपी १३ किंवा ग्वाल्हेरचा एमपी ०७ मिळतो, याची मनाची तयारी ठेवा. कारखान्याच्या नावे घेतल्यास घसारा मिळेल, पण प्रवासी मोटारीवरील जीएसटीचे क्रेडिट सर्वसाधारणपणे मिळत नाही. मुलाने तसा हिशेब मांडला असेल तर सीएकडून खात्री करून घ्या. तुमच्या विम्यावर साठलेला नो क्लेम बोनस हा गाडीचा नसून तुमचा असतो आणि तो नव्या गाडीच्या विम्यावर वळवता येतो. जुनी गाडी विकली की विक्रीचे कागद देऊन विमा कंपनीकडून त्याचे पत्र लगेच मागवा. ते तीन वर्षे चालते.